शंभरात एक

फँटसी गेममधलं कुठलंही गाव घ्या. वेशीजवळ एक खानावळ असते. आत कोपऱ्यातल्या टेबलावर चारपाच जण बसलेले असतात. एकाकडे तलवार, एकीकडे जादूची काठी, एक जण नुसताच तोंडावर टोपडं ओढून बसलेला. भिंतीवर कागद डकवलेले असतात: जंगलातला राक्षस मारा, इतकी इतकी सोन्याची नाणी घ्या. कुणीतरी कागद फाडून खिशात घालतो आणि मंडळी निघतात. पुढचं गाव येतं. पुन्हा खानावळ, पुन्हा कोपऱ्यातले चारपाच जण, पुन्हा कागद. 'सोलो लेव्हलिंग' बघणाऱ्यांना तर याची पुढची पायरीही माहीत आहे. तिथे या लोकांची रीतसर संघटना असते, परवाने असतात, 'ई'पासून 'एस'पर्यंत दर्जे असतात.

आता एक प्रश्न. अशा जगात हे साहसवीर एकूण असतात तरी किती? दहा माणसांत एक? हजारात एक? प्रश्न टाइमपास वाटतो खरा. पण तो एकदा विचारला की त्या जगाचा सगळा हिशोबच उघडा पडतो, आणि थोडं पुढे गेलं की आपलाही.

या खेळांचा मूळपुरुष म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांनी १९७४ मध्ये तो बाजारात आणला. कागद, पेन्सिल, फासे आणि गोष्ट सांगणारा एक जण, एवढंच साहित्य. खेळ चालवणाऱ्यासाठी गायगॅक्सने १९७९ मध्ये जे जाडजूड मार्गदर्शक पुस्तक लिहिलं, त्यात या प्रश्नाचं उत्तर आहे: साधारण शंभर माणसांत एक जण असा निघतो की जो लेव्हल चढत जाऊ शकतो. आणि त्यातलेही बरेचसे आधीच कुठेतरी गुंतलेले, कुणी देवळात, कुणी राजाच्या पदरी. तुमच्यासोबत निघायला मोकळे असे त्याहून कितीतरी कमी. पुढे २००० साली तिसरी आवृत्ती आली. तिच्यात गाव तयार करायचे तक्तेच दिलेत. खास माणसं मोजून झाली की उरलेल्यांपैकी ९१ टक्के लोक 'सामान्य'. हा सामान्य माणूस नियमांत इतका कच्चा ठेवलाय, की घरातलं मांजर त्याच्यावर उलटलं तर मांजर जिंकेल, असा विनोद खेळाडूंमध्ये अजून चालतो.

म्हणजे पुस्तक सांगतं शंभरात एक, आणि खेळताना दिसतं गल्लीत चार. हा फरक का पडतो ते उघड आहे. कॅमेरा कायम खेळाडूच्या डोक्यावर असतो. बाकीचे ९९ जण त्याच्यासाठी दार उघडायला, वस्तू विकायला आणि 'वाचवा' म्हणून ओरडायला उभे केलेले असतात. त्यांनाच आपण एनपीसी म्हणतो. हल्ली कॉलेजात वर्गातल्या गप्प पोराला किंवा कँटीनच्या काकांनाही कुणीतरी सहज एनपीसी म्हणून जातो. शब्द गमतीचा आहे, पण त्यावर नंतर बोलू.

आधी हिशोब करून बघू. आपलं कळंबच घेऊ. गेम डिझायनरला हे गाव आवडेल. चिंतामणीच्या देवळात पायऱ्या उतरून जमिनीच्या खाली जावं लागतं. त्याच्या हाती असं देऊळ लागलं तर तो त्याखाली आणखी चार मजल्यांचं भुयार खोदेल. वर्धा-यवतमाळ रस्त्यावरचं ठिकाण, म्हणजे प्रवासी, व्यापारी, खानावळी सगळं ओघाने आलं. समजा, दहा हजार वस्तीचं गाव धरलं. शंभरात एक या भावाने शंभर साहसवीर झाले. शंभर धडधाकट माणसं, पेरणीला नाहीत, कापूस वेचायला नाहीत, गुरांमागे नाहीत. हत्यारं कमरेला, मुक्काम बस स्टँडजवळ, आणि राक्षसाची वाट बघतायत. राक्षस आले तर ठीक. नाही आले तर? त्यांच्या भाकरीची ज्वारी कुणाच्या वावरातून येणार? त्यांच्या घोड्यांना कडबा कोण देणार? आणि उधारी थकल्यावर खानावळवाल्याने मागायला जायचं कुणाकडे? समोरच्याच्या हातात तलवार आहे.

गेममध्ये हा प्रश्न येत नाही, कारण तिथे भुयारातून सोनं निघतं. तेही किती, तर एका फेरीत गावाच्या दहा वर्षांच्या उत्पन्नाइतकं. तरी दुसऱ्या दिवशी खानावळीत जेवणाचा भाव तोच! आपल्या आठवडी बाजारात कुणी असं पोतंभर सोनं ओतलं तर आठ दिवसांत वांगी सोन्याच्या भावाने जातील, आणि ज्याच्याकडे सोनं नाही त्याने काय खायचं हा नवाच प्रश्न उभा राहील.

हे सगळं कल्पनेतलं वाटत असेल, तर आपल्याच इतिहासात या. साहसवीर हा आपल्याकडे काही शतकं चांगला चालता धंदा होता. स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन चाकरीला येणारा तो शिलेदार. ज्याला घोडा सरकारी पागेतून मिळायचा तो बारगीर. (आज पेपरात 'नेत्याचे शिलेदार' असं छापून येतं तेव्हा त्यातल्या कितीजणांकडे स्वतःचा घोडा आहे, हा प्रश्न आपण इथे विचारायला नको.) पावसाळा संपला, नद्या उतरल्या, की दसऱ्याला सीमोल्लंघन करून फौज मुलुखगिरीला बाहेर पडायची. आपण अजूनही दसऱ्याला सोनं 'लुटतो'. 'कमावतो' असं कुणी म्हणत नाही.

या मुलुखगिरीचा हिशोब शिवाजी महाराजांनी कसा बसवला होता, ते सभासदाच्या बखरीत आहे. आठ महिने बाहेर, पावसाळ्याचे चार महिने छावणीत. निघताना प्रत्येकाजवळ काय आहे याची नोंद, परतताना झडती, जास्तीचं निघेल ते सरकारजमा किंवा पगारातून वजा. म्हणजे लूट खेळाडूच्या खिशात जात नव्हती आणि खेळाडूला पगार होता. याच काळातलं, १६७० च्या दशकातलं, चिपळूणकडे छावणीला असलेल्या आपल्याच अंमलदारांना लिहिलेलं महाराजांचं एक पत्र प्रसिद्ध आहे. ते वाचण्यासारखं आहे, कारण त्यात एकाही लढाईचा विषय नाही. दाणा-वैरण जपून वापरा, ती आताच संपवलीत तर पावसाळ्यात घोडे मरतील. मग तुम्ही कुणब्यांकडून धान्य, गवत, लाकूडफाटा, भाजी उचलायला लागाल, लोक गाव सोडून जातील आणि तुमच्यापेक्षा मोगल बरे म्हणतील. शेवटी तर रात्री दिवा जळता ठेवून झोपू नका, उंदीर वात ओढून नेईल आणि गवताच्या गंज्या पेटतील, अशी ताकीद. इतक्या बारीक गोष्टीची काळजी राजाला का पडावी? कारण हाताशी हजारो शूर माणसं असली, की शत्रूइतकीच भीती त्यांच्या जेवणाची असते, हे त्यांना नेमकं कळलं होतं.

हा हिशोब सुटला की काय होतं, तेही आपल्याच मुलखात घडलं. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा १७४० च्या दशकात बंगालवर वर्षामागून वर्ष चालून गेल्या. १७५१ च्या तहाने ते थांबलं. आपल्या बाजूने ती पराक्रमाची गोष्ट. तिकडे 'बारगीर'चा 'बोर्गी' झाला, आणि बंगाली आया आजही मुलांना झोपवायच्या अंगाईत बोर्गींचं नाव घेतात. आपला शिलेदार तिकडचा बागुलबुवा आहे. कोण हीरो आणि कोण राक्षस हे खानावळीच्या कुठल्या दारातून बघता त्यावर ठरतं.

आणि मग पेंढारी. मराठीत हा शब्द आता नुसता शिवीसारखा उरलाय, पण पेंढारी आकाशातून पडले नव्हते. ते शिंदे-होळकरांच्या फौजांमागे चालणारे लोक. पगार नाही, लुटीवर गुजराण, आणि त्या लुटीतला वाटा वर सरदाराला. १८०३ च्या इंग्रज-मराठे युद्धानंतर संस्थानिकांच्या फौजा आटल्या. ज्यांना फक्त घोडा आणि भाला येत होता असे हजारो जण मोकळे झाले. त्यात १८०३-०४ चा दुष्काळ. घोडा आहे, भाला आहे, पगार नाही, शेत नाही. पेंढाऱ्यांची संख्या वाढत वाढत इंग्रजांच्या अंदाजाने वीस हजारांच्या पुढे गेली. १८१७-१८ मध्ये इंग्रजांनी मोठी मोहीम काढून त्यांचा मोड केला. त्याच धामधुमीत, एप्रिल १८१८ मध्ये, पळणाऱ्या दुसऱ्या बाजीरावाच्या फौजेला इंग्रजांनी आपल्या पांढरकवड्याजवळ गाठलं होतं. पेंढाऱ्यांच्या म्होरक्यांचं पुढे काय झालं, ते मात्र कुठल्याही गेमच्या शेवटापेक्षा मजेशीर आहे. फौजा बाळगून असलेला अमीरखान टोंकचा नवाब झाला. करीमखानाला गोरखपूरकडे जमीन मिळाली, तो जमीनदार झाला. आणि चितू रानात लपत फिरला. त्याला वाघाने खाल्लं.

या सगळ्यातून एक गोष्ट दिसते, आणि गेमच्या पुस्तकांत तीच राहून गेलीय. साहसवीरांची संख्या शौर्यावर ठरत नाही. गावात पोट भरेना, फौजेत पगार मिळेना, की ती वाढते. ज्या जगात प्रत्येक खानावळीत चारपाच तलवारवाले मोकळे बसलेत, त्या जगात शेतीचं काहीतरी भयंकर बिनसलेलं असणार. चांगला गेममास्टर असेल त्याने पुढच्या वेळी हे खेळात आणून बघावं. त्या कोपऱ्यातल्या टेबलाला विचारावं, 'बाबांनो, तुमची वावरं कुठायत?' गोष्ट तिथून जास्त रंगेल.

बरं, राक्षस खरंच आला तर? तोही अनुभव आपल्या शेजारच्या तालुक्याला आहे. राळेगाव-पांढरकवड्याच्या भागात टी-१ म्हणजे अवनी वाघिणीने १३ माणसं मारल्याचं वनखात्याचं म्हणणं होतं. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला मारण्याच्या आदेशात हस्तक्षेप करायला नकार दिला. मग भिंतीवर कागद लावावा तशीच गोष्ट घडली. हैदराबादहून नेमबाज बोलावले गेले. हत्ती आले, ड्रोन आले, शिकारी कुत्रे आले, पॅराग्लायडर आला, वाघिणीला आकर्षित करायला परदेशी अत्तरसुद्धा आलं. मोहिमेसाठी आणलेला एक हत्ती रात्री सुटला आणि त्याने चहांद गावात एका बाईचा जीव घेतला. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीच्या शिवारात वाघीण मारली गेली. मागे दहा-अकरा महिन्यांची दोन पिल्लं राहिली. नंतर राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या समितीने कारवाईच्या पद्धतीवर आक्षेप घेतले. देशभर वाद झाला, तो अजूनही कुणी उकरून काढला की पेटतो.

त्या वादात आपण आज पडत नाही. मोजणीपुरतं बघू. गोळी झाडणारा एक. आणि त्या एका रात्रीच्या आधी महिनोन् महिने रोज सकाळी पगमार्क शोधणारे, कॅमेऱ्यातली कार्डं बदलणारे, गावोगाव फिरून 'एकटे जाऊ नका, अंधाराआधी घरी या' सांगणारे वनरक्षक, वनमजूर आणि गावातलीच पोरं कितीतरी. आणि त्यांच्याही पलीकडे, वाघीण तिथेच आहे हे माहीत असून पऱ्हाटीत वेचणीला गेलेल्या बाया. कारण फुटलेला कापूस थांबत नाही. टीव्हीवर नेमबाज दिसला. गेममध्येही तोच दिसला असता. वेचणीला गेलेल्या बाईला तिसऱ्या आवृत्तीच्या तक्त्यात ९१ टक्क्यांच्या रकान्यात टाकलंय, मांजरालाही हरणाऱ्या रकान्यात.

आता आपल्याकडे. पहाटे पाच वाजता कळंबच्या कुठल्याही बाजूच्या रस्त्याला जा. पोट्टे-पोट्टी धावताना दिसतील. पोलिस भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. घरचे चार-पाच एकर कोरडवाहू, भाव आला तर कापूस नाहीतर सोयाबीन, आणि घरचेच सांगतात, 'तू यात पडू नको.' हेच आपले शिलेदार. घोडा नाही, बूट आहेत. फेब्रुवारी २०२४ पासून वर्धा-कळंब रेल्वे सुरू झाली, म्हणजे सीमोल्लंघनाची सोयही झाली.

२०२४ मध्ये झालेल्या राज्याच्या पोलिस भरतीत जागा होत्या १७ हजार ४७१. अर्ज आले १७ लाख ७६ हजारांच्या आसपास. काहींनी एकाहून जास्त अर्ज भरले असतील हे धरलं, तरी भागाकार करून बघा. शंभराला एक. गायगॅक्सने १९७९ मध्ये लिहून ठेवलेला आकडा तंतोतंत! फरक एवढाच की त्याच्या जगात उरलेले ९९ जण स्वखुशीने घरी होते. आपल्याकडे शंभरही जण रस्त्यावर धावतायत.

धावणाऱ्यांना नावं ठेवण्याचा इथे अजिबात विचार नाही. जिथे कापसाचा भाव घरात कुणाच्याच हातात नाही, तिथे महिन्याला ठरलेला पगार मागणं यात साहस कसलं, तो शहाणपणाच आहे. या जिल्ह्याचं नाव शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांत देशभर घेतलं जातं. इथल्या पोरापोरींना 'मातीत राहा, माती महान आहे' असं सांगणाऱ्याने आधी एक हंगाम कर्ज काढून पेरणी करून दाखवावी. शेतकऱ्याला उगाच हीरो ठरवण्याचीही गरज नाही. त्याला हीरोपण नकोय, भाव हवाय.

आक्षेप आहे तो कॅमेऱ्याच्या जागेवर. आपल्याकडे भरतीचा निकाल लागला की निवड झालेल्याचा फ्लेक्स चौकात लागतो, डीजे वाजतो, अकॅडमीच्या जाहिरातीत फोटो येतो. लागायलाच पाहिजे, त्याने कमावलंय. पण त्याच्यासोबत तीन वर्षं धावलेला, एका गुणाने राहिलेला, वय निघून चाललेला मित्र त्या दिवसापासून एनपीसी होतो. तो कुठे गेला, काय करतो, हे कुणी विचारत नाही आणि तोही सांगत नाही. काही जण पुण्याला कंपनीत कंत्राटी लागतात, काही गावात मोबाइल रिपेअरिंग शिकतात, काही पुन्हा वावरात. काही नुसते बसून राहतात, बस स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर, कोपऱ्यातल्या टेबलाला. पेंढाऱ्यांच्या काळात अशा माणसाजवळ घोडा आणि भाला होता. आता मोबाइल आहे, आणि निवडणूक आली की त्याला शिलेदार म्हणून बोलावणारे पुष्कळ आहेत. पगार तेव्हाही नव्हता, आताही नाही.

यात कॉलेजांना करण्यासारखं एक काम आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. पदवी घेऊन गेलेल्या प्रत्येक वर्गाची दोन वर्षांनी एक मोजणी करायची. भरतीची आणि स्पर्धा परीक्षेची तयारी किती जणांनी केली, किती लागले, आणि जे लागले नाहीत ते आज काय करतात: शेती, दुकान, कारखाना, पुढचं शिक्षण, अजून तयारी, की काहीच नाही. नावं नकोत, नुसते आकडे. फोन करायला एनएसएसची चार पोरं पुरतात, एका सुट्टीत होईल. पहिल्या वर्षाला येणाऱ्याला आज फक्त फ्लेक्सवरचा एक चेहरा दिसतो. उरलेल्या ९९ जणांनी कोणकोणत्या वाटा काढल्या, त्यातल्या कुठल्या बऱ्या निघाल्या आणि कुठल्या नाही, हे कळलं तर निघण्याआधी तो स्वतःचा हिशोब मांडू शकेल. कागद लावायचा कॉलेजच्या नोटीस बोर्डावर, नव्या भरतीची जाहिरात लागते त्याच्या बरोबर शेजारी.